नंबरातलं पाचवं अक्षर

बँकेतल्या बाईंनी संज्योतचं पॅन कार्ड हातात घेतलं आणि सहज विचारलं, "माहेरचं आडनाव 'जी'वरून का हो?"

संज्योत दचकली. कार्डावर तर सासरचं शेलार आडनाव होतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"नंबरातलं पाचवं अक्षर आडनावाचं असतं. लग्नानंतर नाव बदललं, तरी नंबर जन्मभर तोच राहतो."

तिनं परजातीत लग्न केलं, तेव्हा वडिलांनी बजावलं होतं, "यापुढे स्वतःला घारपुरे म्हणवून घेऊ नकोस." मागच्या आठवड्यात ते गेले. भावानं कळवलंसुद्धा नाही, शेजाऱ्यांकडून समजलं. तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. आता मात्र त्या एका अक्षरावरून तिची नजर हटेना. पहिली नोकरी लागली तेव्हा हे कार्ड वडिलांनीच हौसेनं काढून दिलं होतं. तिथंच, बाईंच्या टेबलासमोर, ती ढसाढसा रडली.

घरी न जाता तिनं तडक माहेरची, वाईची एसटी पकडली. दार वहिनीनं उघडलं. "वन्सं, तुम्ही?"

संज्योतनं चपला काढल्या, आत येऊ का असं न विचारता उंबरा ओलांडला आणि वडिलांच्या फोटोसमोरच्या मंदावलेल्या दिव्यात तेल घातलं.