काळं सार

चाक पुन्हा वाळूत रुतलं. तिमोन उतरला, मानेवर चढलेली गोचीड चिमटीत धरून त्याने शिसारीने लांब फेकली आणि सायकल ढकलू लागला.

"हा रस्ता आहे की मांजरांचा संडास?"

"पाइनचं रान आहे, वाळू असायचीच," पुढून बोग्ना म्हणाली. "आणि सायकलने जाऊ, ही कल्पना तुझीच."

कल्पना त्याचीच होती, हे खरं. वॉर्सातल्या आपल्या चष्म्याच्या दुकानात बसून नकाशावर ती फार देखणी दिसली होती. पोझ्नानपर्यंत रेल्वे, पुढे जंगलातून सायकली, वाटेत जुने पडके महाल, आणि रविवारी दुपारी बोग्नाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, तिच्या आईवडिलांसमोर तिला मागणी. अंगठी हँडलवरच्या पिशवीत होती. तो कशासाठी येतोय ते बोग्नाने घरी आधीच कळवलं होतं. राहिलं होतं ते त्यांचं हो की नाही. त्या विचाराने तिमोनची रात्री झोप उडाली होती.

बोग्नाच्या गावाच्या अलीकडे एका जमीनदाराचा महाल होता. छप्पर उडालेलं, भिंतींवर घाणेरडी चित्रं, जेवणघरात बिअरच्या डब्यांचा खच. तिमोनने नाकाला रुमाल लावला.

"इथेच वाढत असतील काळं सार," तो म्हणाला. "मुलगी द्यायची नसली की हे जमीनदार तोंडाने काही बोलायचेच नाहीत. मागणी घालणाऱ्यापुढे बदकाच्या रक्ताचं सार ठेवायचे. त्याने काय ते समजायचं नि घोड्यावर बसायचं. शाळेत वाचलं तेव्हा मला वर्गातच मळमळलं होतं."

"आमच्याकडे तर अजून..." बोग्ना हसत सांगू लागली.

"शी! शी शी!"

तिमोनचा बूट कशात तरी गेला होता. कशात, ते वासानेच सांगितलं. बूट गवताला घासता घासता त्याने या मुलखातल्या माणसांचा, त्यांच्या सवयींचा आणि त्यांच्या वाडवडिलांचा उद्धार केला. आपल्या शेजारी याच मुलखातली पोर उभी आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. बोग्ना सायकलवर बसली.

घराच्या अंगणात बदकांनी पाऊल टाकायला जागा ठेवली नव्हती. मध्ये लाकडाचा ओंडका, त्यावर कुऱ्हाड, सुकलेलं रक्त आणि माशा. हेल्मेट बाकावर ठेवायची तिमोनची छाती होईना. त्याने ते स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत ठेवलं.

बोग्नाच्या वडिलांनी, क्लेमेन्सने, पँटला हात पुसून पुढे केला. नखांत काळं काही होतं. आई तेओफिलाने त्याच्या दोन्ही गालांचे ओले मुके घेतले. तिमोन हसला आणि पाठ वळताच गाल पुसले.

"बस रे पोरा, दमला असशील," ती म्हणाली.

धुतलेला टॉवेल आधी त्याला, फळांचं सरबत आधी त्याला, भिंतीकडची मऊ खुर्चीही त्यालाच.

"पाहुणा आला म्हणजे देव आला," तेओफिला म्हणाली.

देवाने पेल्यातली माशी बोटाने काढली आणि डोळे मिटून सरबत संपवलं. बोग्नासाठी तो काय वाटेल ते गिळायला तयार होता.

क्लेमेन्स स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या टोकाला बसला. मघापासून तो फारसं बोललाच नव्हता. तेओफिला भलंमोठं पातेलं घेऊन आली आणि तिमोनच्या ताटलीत पळीभर ओतलं.

सार काळं होतं. कडेला तपकिरी फेस, मध्ये तरंगणारे सुके आलुबुखार, वर आंबूस, गोडसर, उग्र वास. तिमोनने क्लेमेन्सकडे पाहिलं. क्लेमेन्स त्याच्याकडेच पाहत होता.

"हे करायला कोणी सांगितलं?" तिमोनने विचारलं.

"मी," बोग्ना म्हणाली. "कालच आईला फोन केला."

तो इतक्या जोरात उठला, की खुर्ची भिंतीवर आपटली.

"निरोप पोचला! तोंडाने सांगितलं असतंत तर जीभ झडली असती का? दोन दिवस तुमची घाण गिळतोय मी. तुमची वाळू, तुमच्या गोचिडी, तुमच्या माशा, हे चिकट मुके! आता रक्तही गिळू? या उकिरड्यात मुलगी मागायला आलो, तेव्हाच माझं डोकं फिरलं असणार!"

तेओफिला पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

"तिमोन, खाली बस," बोग्ना म्हणाली.

"आणि तू? माझ्याबरोबर सायकल चालवत आलीस, हसत आलीस, आणि पोटात हे?"

तो बाहेर पडला. सायकल वळवली, बदकांवर लाथ उगारली, फाटकापर्यंत गेला. तेव्हा डोक्यावर काहीच नाही हे जाणवलं. हेल्मेट खिडकीत राहिलं होतं. तो चरफडत मागे आला.

आत तेओफिलाची पळी क्लेमेन्सच्या ताटलीत रिती झाली. मग बोग्नाच्या, मग तिच्या स्वतःच्या. सगळ्या ताटल्या काळ्या.

"काय चुकलं गं?" क्लेमेन्स विचारत होता. "घरातलं सगळ्यांत मोठं बदक कापलं. जावयाच्या पहिल्या रविवारी दुसरं काय करतात?"

"वॉर्सात हे फक्त पुस्तकात वाढतात, बाबा," बोग्ना म्हणाली.

मग तिला खिडकीबाहेरचा हात दिसला. ती उठली. टेबलावरची तिमोनची न उष्टावलेली ताटली दोन्ही हातांनी उचलून, थेंबही न सांडता खिडकीशी आली आणि ती त्याच्या हेल्मेटशेजारी ठेवली.

"मघाशी ते नुसतं सार होतं," ती म्हणाली.