दोन बाह्या

"ह्या बाहीला घाण जास्त का त्या?" मायाप्पानं विचारलं.

पार्वतम्माच्या हातातली सांडशी तशीच हवेत राहिली. सांडशीत नवऱ्याचा शर्ट होता. डाव्या बाहीवर तेलाचा एक पट्टा, उजवीवर दुसरा, दोन्ही मधाच्या रंगाचे. नाकाला लावलेला पदर तिनं आणखी घट्ट धरला. घाण घरात आणायची ती आणायची, वर तिची चौकशी करायची, इतका निर्लज्जपणा तिनं कुठं पाहिला नव्हता.

अक्कलकोट रोडवर मायाप्पाचं गॅरेज होतं. चारी चाकं ओढणाऱ्या जुन्या जीपगाड्यांचा तो मिस्त्री. तीस वर्षं तिनं हा वास सोसला होता. पण पूर्वी तो निदान अंगणात हातपाय धुऊन आत यायचा. गेल्या तीन वर्षांत माणूस पार बिघडला. बाह्यांना तेल पुसायचं, तसंच ओट्यापर्यंत यायचं आणि तिच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "आज गटारात पडलावता काय?" "आज जळके केस." "आज रॉकेलनं आंघोळ केली वाटतं." तो मुकाट्यानं ऐकून घ्यायचा, आणि कितीदा तरी न जेवताच गॅरेजकडं परत फिरायचा. तिला वाटायचं, बोलणं लागलं. मग दुसऱ्या दिवशी परत तेच.

शेवटी तिनं त्याचं ताट-पेला वेगळा केला. भांड्यांच्या मांडणीला हात लावायची त्याला बंदी केली. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. परवा खवट झालेली शेंगाचटणी तिनं टाकून द्यायला काढून ठेवली होती. यानं ती भाकरीबरोबर पुसून खाल्ली. आता आणखी एकदा तेलाचा शर्ट आत आला तर मोहोळला बहिणीकडं, मुक्ताबाईकडं जायचं आणि परत यायचं नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं. पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. सहाची एसटी होती. आज ती त्याला एक शब्दही बोलली नव्हती. शिव्या द्यायचाही तिला वीट आला होता.

"साकु," ती कानडीत म्हणाली. "बास झालं आता. मी चालले."

तिनं शर्ट साबणाच्या बादलीवर नेला. मायाप्पानं झटकन तिचा हात धरला.

"भिजवू नको. आदी बाही सांग, मग खुशाल जा."

"याड लागलं का तुमाला?"

"दुधनीचा नंदीश जीप घिऊन आलाय. गिअरबॉक्सातलं तेल काढलंय, नवं घालायचं हाय. दोन डबे हायती. रंग त्योच, जाडी तीच. एक तेल जहाल हाय. ते फुडच्या-मागच्या चाकांच्या मदल्या लोखंडी गोळ्याला, हौसिंगला चालतंय. गिअरबॉक्सात गेलं तर आतल्या पितळंच्या रिंगा खातंय. त्या गाडीच्या रिंगा आता भंगारातबी मिळंनात. त्येच्या वस्तीवरचं सगळं दूध त्या जीपवर येतंय."

"मग डब्यावर लिवून ठिवायचं की."

"आजवर कवा लिवलं मी?"

ते खरं होतं. डब्याला खूण करणं त्याला कमीपणाचं वाटायचं. मायाप्पा मिस्त्री तेल हुंगून सांगतो, हे गावभर माहीत होतं. दुसऱ्या गॅरेजवालेसुद्धा डबे घेऊन त्याच्याकडं यायचे.

"मग हुंगा की," ती म्हणाली. "माज्या नाकाशी काय आणताय?"

मायाप्पा खाली बघायला लागला. तीस वर्षांच्या भांडणांत त्यानं कधी नजर पाडली नव्हती. तिला ती खवट चटणी आठवली. तिनं शर्ट दोरीवर टाकला, मांडणीवरनं हिंगाची डबी काढली आणि झाकण उघडलं.

"डोळे मिटा."

त्यानं मिटले. तिनं डबी त्याच्या नाकाखाली धरली. तिचंच डोकं भणभणलं.

"काय हाय?"

त्यानं छाती भरून श्वास घेतला. थोडा वेळ विचार केला.

"वेलदोडा?"

तिनं डबीचं झाकण लावलं.

"कवापास्नं?"

"करोनाचा ताप आलता तवा वास गेला. परत आलाच न्हाय." त्यानं डोळे उघडले. "लोकांस्नी कळलं तर गॅरेजवर कोण यील? तुज्या बोलन्यावर चाललंय माजं. गटार म्हनलीस, की ते हौसिंगचं जहाल तेल. जळके केस म्हनलीस, की काडलेलं तेल आत जळलंय. रॉकेल म्हनलीस, की दुकानदारानं भेसळ केली. लगीच परत जाऊन बगायचो. आज तू कायच बोलीनास."

पार्वतम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि रागही आला. तीन वर्षं हा माणूस तिच्या शिव्या ऐकायला घरी येत होता.

तिनं नाकावरचा पदर सोडला. दोरीवरचा शर्ट हातानंच ओढला, डावी बाही नाकाला लावली. मग उजवी लावली आणि दम भरून हुंगली. मोरीत जाऊन ती थुंकली, चूळ भरली, तोंड पुसलं.

"उजवी," ती म्हणाली. "गटार."

"मंजी डावं गिअरबॉक्सात," तो पुटपुटला आणि चपला घालायला लागला.

"थांबा."

ती मांडणीकडं गेली. स्वतःच्या भांड्यांतल्या दोन वाट्या काढल्या आणि त्याच्या तेलकट हातात दिल्या.

"उद्यापास्नं शर्टाला पुसू नका. ह्यात आणा."