बाजूने एक

“तेवढा एक धडा काढा, इतकंच म्हणतोय. तुम्हाला कोण काढतंय?” संचालक म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बाईंच्या पुढे सरकवला.

बाईंनी कपाला हात लावला नाही. “काय शिकवायचं हे शिक्षक ठरवतात, सर. आपल्याच संस्थेचा नियम आहे. तुमचं ऑफिस नाही ठरवत.”

धडा होता एका कारखान्यातल्या वायुगळतीचा. धोक्याची घंटा सारखी वाजते, काम थांबतं, म्हणून ती बंदच करून ठेवली होती. पाळीवरची माणसं जागच्या जागी गेली. कुठला व्हॉल्व्ह गंजला होता, सह्या कुणाच्या होत्या, कानाडोळा कुणी केला, हे सगळं बाई शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिकवायच्या. हीच मुलं पुढे असल्या कारखान्यांत लागणार होती. तो कारखाना आता नव्या नावाने चालत होता, आणि त्याचे मालक यंदा संस्थेच्या नियामक मंडळावर आले होते.

मुलं पाठीमागे त्यांना ‘व्हॉल्व्हबाई’ म्हणत. पहिल्याच तासाला त्या एक गंजका व्हॉल्व्ह टेबलावर आदळायच्या आणि म्हणायच्या, “आधी ह्याला घाबरा. परीक्षेला घाबरायला वर्ष पडलंय.”

संचालक हसले. “बरं. शिक्षकांनाच ठरवू द्या. गुप्त मतदान घेऊ. मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकणार नाही. मग तर झालं?”

जिना उतरताना बाईंना कधी नव्हे इतकं हलकं वाटलं. संध्याकाळी त्यांनी धाकट्या भावाला फोन केला.

“म्हणजे जिंकलीस की, ताई!”

“अजून मतदान व्हायचंय रे.”

“मत देणारे तुझेच लोक ना?”

“माझेच,” बाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि घर एकदम गप्प झालं. त्यांनी टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून. घरात कुणीतरी हलतंय, एवढं त्यांना पुरायचं.

दुसऱ्या दिवसापासून त्या एकेकाच्या खोलीत जाऊ लागल्या. विभागप्रमुख तर कॉलेजात शिकताना त्यांच्याच बाकावर बसायचे. ते म्हणाले, “मी तुझ्या पाठीशी आहे, हे काय सांगायला हवं? पण नव्या लॅबची मंजुरी वर मंडळाकडे अडकलीय. विभाग मला चालवायचाय.”

गणितवाल्या सरांनी नेहमीसारखा विनोद केला. “मॅडम, आमच्या गणितात कुणी मरत नाही, म्हणून आम्हाला कुणी विचारत नाही.” मग हळूच म्हणाले, “धडा उत्तम आहे हो. पण ही वेळ नाही.”

सगळ्यांत धाकटी प्राध्यापिका एकेकाळी बाईंची विद्यार्थिनी होती. ती बराच वेळ आपल्या नखांकडे बघत राहिली. “मॅडम, मी अजून कायम झाले नाहीये.”

“समजू शकते गं,” बाई म्हणाल्या. त्यांना खरंच समजत होतं, आणि त्याचाच त्रास होता.

हळूहळू त्या स्टाफरूममध्ये शिरल्या की गप्पा तुटू लागल्या. कुणी वाईट बोलत नव्हतं. उलट सगळे जरा जास्तच नीट वागत होते, घरात आजारी माणूस असल्यासारखे. शेजारच्या खुर्चीवर मात्र कुणी बसत नव्हतं. मग बाई डबा घेऊन लॅबमध्ये जाऊ लागल्या. तिथे पोळीलाही ॲसिडचा वास यायचा.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी भावाने विचारलं, “काय अंदाज?”

“सगळे सोबत आहेत म्हणतात.”

“मग काय काळजी?”

“एकेकटे असताना म्हणतात,” बाई म्हणाल्या. “उद्या सगळे एकत्र असतील.”

मतदान स्टाफरूममध्येच झालं. फिल्टर पेपरचं रिकामं खोकं मतपेटी म्हणून ठेवलं होतं. चिठ्ठ्यांवर दोनच शब्द छापलेले: ‘ठेवा’ आणि ‘काढा’. एकापुढे खूण करायची. बाई चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेल्या. कुणाकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी खूण केली, घडी घातली आणि सगळ्यांच्या आधी चिठ्ठी खोक्यात टाकली.

विभागप्रमुख एकेक चिठ्ठी उघडून वाचू लागले. “काढा. काढा. काढा.” त्यांचा आवाज हळूहळू खाली जात होता. मग एका चिठ्ठीपाशी ते थांबले.

“ठेवा.”

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या आणि लगेच खाली झुकल्या. उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा ‘काढा’च्या निघाल्या.

मग गणितवाले सर उठले. या वेळी त्यांना विनोद सुचला नाही. “मानलं तुम्हाला, मॅडम. एकट्या उभ्या राहिलात. आमच्यात नाही ती धमक.”

“निदान तू तरी शब्दाला जागलीस,” विभागप्रमुख म्हणाले.

धाकटी प्राध्यापिका बाईंचा हात धरून रडायलाच लागली. “मला माफ करा, मॅडम.”

“अगं, माफी कसली,” बाई म्हणाल्या.

कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, अगदी मधोमध. कुणीतरी चहा आणून दिला. कित्येक दिवसांनी त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली. जो तो त्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या हिमतीचं कौतुक करत होता. बाई हातातला कप तसाच धरून एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. सगळे चेहरे बघून झाले, तशा त्या पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या.

ते एक मत बाईंचं नव्हतं.