डावा कान

"आवाज आया तो बटन दबाव अंकल, नै आया तो चुप बैठो," लावण्या म्हणाली आणि तिने काचेच्या खोलीचं जाड दार लावून घेतलं.

एकनाथराव आत एकटे उरले. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. काचेपलीकडे कान तपासणारी ही लावण्या यंत्रापुढे बसली, आणि तिच्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून त्यांची बायको इंदुमती.

उन्हाळ्यात मालवणला ते पाठीवर नळकांडं बांधून मासे बघायला समुद्रात उतरले, तेव्हापासून डाव्या कानात बोळा कोंबल्यासारखं झालं होतं. खाली जाताना नाक दाबून कानात हवा भरत राहायचं, असं तिथल्या माणसाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पण समोरून एक निळाजांभळा मासा गेला, आणि एकनाथराव नाक विसरून त्याच्या मागे लागले. कानाच्या पडद्यामागे रक्त साकळलंय, हैदराबादला परतल्यावर कोठी भागातले डॉक्टर म्हणाले होते. ओसरलं तर बरं. इजा आणखी आत पोचली असेल तर सांगता येत नाही. आज ते कळायचं होतं.

गणपती तोंडावर आले होते. काचीगुड्याच्या मंडळात तबला सुरात लावायला एकनाथरावांनी हातोडी उचलली की एरवी सगळे गप्प बसत. परवा मात्र पेटीवाला अंबाजी चारचौघांत म्हणाला, "एकनाथराव, तबला उतरलाय." आणि पिशवीतून त्याने इलेक्ट्रॉनिक तबला काढून ठेवला. बटण दाबलं की वाजणारा. इंदुमती ताडकन उठली होती. "आधी तुमच्या पेटीतली झुरळं काढा, मग आमच्या तबल्याला नावं ठेवा!"

उजवा कान पटकन झाला. मग डाव्यात आवाज सुरू झाले. एक आला, दाबलं. दुसरा आला, दाबलं. आवाज बारीक होत गेले, पण येत राहिले. दाबलं, दाबलं, दाबलं. एकनाथरावांना वाटलं, हे तर आपण उगाच घाबरलो. काचेपलीकडे इंदुमती हसू लागली. तेही हसले.

दार उघडलं. लावण्या कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अंकल, आखिर में मैं आवाज छोडीच नै. तुम फिर भी दबाते बैठे."

"असं कसं? मला आला की!"

"तुमको नै आया. तुम्हारी उंगली को आया."

इंदुमतीला आता हसू आवरेना. "अगं, आयुष्यभर ठेका धरलाय यांनी. तू एका लयीत आवाज सोडलेस, यांनी गेल्या गेल्या लय पकडली. आता वीज गेली तरी हे समेवर दाबतील."

एकनाथराव ओशाळले. लबाडी केली नव्हती. पण बोट स्वतःच्या मनाने चाललं होतं हे खरं.

"अब देखती मैं," लावण्या म्हणाली. "अब तुमको लय मिलतीच नै."

दार पुन्हा लागलं.

या वेळी धरायला काही नव्हतं. एक आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. लगेच दोन आले, मग पुन्हा शांतता. एकनाथरावांनी बोट बटणावरून थोडं उचलून धरलं. मात्रा मोजायच्या नाहीत, त्यांनी मनाला सांगितलं. आणि मन रिकामं झालं तसा आत फक्त त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. समुद्राखाली ऐकला होता तसाच. काचेपलीकडे इंदुमती आता हसत नव्हती. अंबाजीची पेटी, मंडळाची सतरंजी, हातोडी, सगळं त्या शांततेच्या पलीकडे ठेवलं होतं.

मग फार लांबून, तंबोऱ्याच्या तारेला माशी लागून जावी तसं काहीतरी हललं.

त्यांनी दाबलं.

काचेपलीकडे लावण्याने मान वर केली. पुन्हा शांतता. पुन्हा तीच तार, त्याहून बारीक. त्यांनी दाबलं. मग शांतता, शांतता, आणि बोट जागचं हललं नाही.

दार उघडलं तेव्हा लावण्याचे दात आधी दिसले. "अब सच्ची बोले तुम. ऊपर का सुर थोडा बाकी है, वो भी आ जाता. तबला बजाव अंकल, आराम से."

"आणि पुन्हा पाण्यात उतरायचं असेल तर?"

"वो मेरेकू नक्को पूछो, डॉक्टरसाब को पूछो."

"डॉक्टरला कशाला? मला विचारा," इंदुमती म्हणाली.

जिन्यात एक पेंटर शिडी लावून दवाखान्याच्या पाटीवरचं 'आंध्र प्रदेश' खरवडत होता. खाली खडूने 'तेलंगणा' आखलेलं होतं. "जन्मापासून घर बदललं नाही," एकनाथराव पाटीकडे बघत म्हणाले, "आधी हैदराबाद, मग आंध्र, अन् हे माझं तिसरं राज्य."

मालवणहून आल्यापासून इंदुमती त्यांच्या उजव्या बाजूने चालायची, बोललेलं पोचावं म्हणून. आता उजवीकडे शिडी होती. त्यासाठी की कशासाठी कोण जाणे, ती वळसा घालून डावीकडे आली आणि दोन पायऱ्या खाली उतरल्यावर समोर बघतच पुटपुटली,

"अंबाजी खरं बोलत होता. तबला उतरलेलाच होता."

एकनाथराव पायरीवर थांबले.

"काय म्हणालीस?"

"कुठे काय? काही नाही."

"नाही, नाही. पुन्हा म्हण."

"तबला उतरलेला होता. चांगलाच."

त्यांनी कठडा धरला, डोळे मिटले, आणि डावा कान तिच्या तोंडाशी नेला.

"आता आणखी हळू म्हण."