विहिणीची बादली

करिबा धरणात बाहेरचा मासा शिरला आणि आमचे मासे संपवायला लागला. मत्स्यखात्याचे हामूंगासाहेब कानीकपाळी ओरडायचे, “दिसला की खा. पण डोंगरापलीकडच्या तलावात एकही जाता कामा नये.” आम्ही मन लावून खाल्ला. मग माझी भाची मुतिंता डोंगरापलीकडे दिली. आमच्यात विहिणीकडे भेट न्यायची ती जिवंत. मेलेलं नेलं तर जन्माचा टोमणा. तिच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनीने, बादलीतून त्यातलेच सहा मासे नेले. पुढच्या वर्षी साहेब त्या तलावाकाठी डोक्याला हात लावून बसले. “हा इथे कुणी आणला?” वहिनी म्हणाली, “मग विहिणीच्या दारात मढं घेऊन जाऊ?” विहीण म्हणाली, “आणि आलेली भेट लगेच कापायची? वाढायला सोडली.”  साहेब उठले, तशी विहिणीने झाकलेली बादली त्यांच्या हातात दिली. “पाहुणा रिकाम्या हाताने पाठवू नये. तुमच्या गावाला नदी आहे ना?”