उष्टी हळद

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. शाल्मलीने आपला तळहात विराजच्या तळहातावर ठेवला, पण उजेड पडलाच नाही.

"पत्रिका बघितली नव्हती का?" मांडवात कुणीतरी कुजबुजलं.

शाल्मलीच्या मावशीला मात्र कुतूहल वाटलं. या हळदीतले रेणू तिनेच प्रयोगशाळेत घडवले होते. नवऱ्याची हळद अंगातला धन भार तळहातावर आणायची, नवरीची ऋण भार. दोन्ही भेटले की प्रकाश. आजवर एकही जोडपं अंधारात राहिलं नव्हतं.

"विहीणबाई, हिला हळद कोणती लावलीत?"

"कोणती म्हणजे? नवऱ्याची उष्टी! तुम्ही शहरात सोडली असेल, आमच्यात अजून लावतात."

मावशीला हसू आलं. "मग दोघांच्या हातांवर धन भारच आहे. त्याला भेटायला समोर कुणी नाही."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "आता हो?"

नवरीच्या हळदीची वाटी तशीच भरलेली होती. शाल्मलीने ती मागवली. चिमूटभर हळद आधी स्वतःच्या गालाला लावली आणि तेच बोट विराजपुढे धरलं.

"माझी उष्टी चालेल?"

त्याने हात पुढे केला. तिने त्याच्या तळहाताला हळद लावली आणि आपला तळहात त्यावर टेकवला. विहीणबाई "अगंबाई!" म्हणेपर्यंत मांडव उजळला होता.