उपाशी गायक

"काकू, हा फ्रिज जरा बाहेर काढू या," कॅमेरावाला म्हणाला. "सरांचं लहानपण हलाखीचं दिसायला हवं."

अक्काताईंनी हातातलं उलथनं त्याच्यावर रोखलं. "कुणाचं रे हलाखीचं? इचलकरंजीतले निम्मे मागावरचे कामगार माझ्या खानावळीत जेवायचे, आणि माझंच पोरगं उपाशी?"

"आई, हळू बोल," लेक पुटपुटला. त्यानं लिहिलेली, गायलेली गाणी आता वरातीवरातीत वाजत होती, पण एवढ्या मोठ्या चॅनेलवर मुलाखत पहिलीच. "उपाशी झोपायचो, एवढंच सांगायचंय. त्यांना तसंच लागतं गं."

अक्काताई उलथनं घेऊनच दारात जाऊन उभ्या राहिल्या. जन्मभर चुलीपुढं भाजून मिळवलेलं नाव आता पोटचा पोरगाच साऱ्या मुलखासमोर घालवणार होता.

कॅमेरा सुरू झाला. "पहिलं गाणं उपाशीपोटीच सुचलं ना?" मुलाखत घेणारीनं कळवळून विचारलं.

लेकानं दाराकडं बघितलं आणि त्याला हसूच फुटलं. "खोटं कशाला सांगू? त्या रात्री आईनं दटावून तिसरी भाकरी खायला लावली. पोट असं तट्ट फुगलं की झोपच येईना. मग पडल्यापडल्या गाणं लिहिलं."

मुलाखतवालीचा चेहरा उतरला. अक्काताईंनी पदर खोचला.

"ऐकलंत न्हवं? आता ते यंत्र बंद करा आणि हात धुवून घ्या. उपाशी तर तुम्हीच दिसताय सगळे."